खंड्याच्या पाठीवरची सावली

पत्त्यांच्या कारखान्याचे मालक नव्या चित्रावर ऑफिसात बसून कधी सही करत नसत. त्यांची रीत निराळी होती. चित्र तयार झालं की छापखान्यातून चाचणीचा एकच कॅट काढायचा, तो कोटाच्या खिशात टाकायचा आणि सुट्टीच्या दुपारी थेट चित्रकाराच्या घरी जाऊन घरच्या माणसांबरोबर चार डाव खेळायचे. खेळताना चित्राबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. चार डावांत पत्त्याच्या पाठीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, तर मालक पेन काढत. "पत्त्याचं तोंड बघायचं असतं, पाठ विसरायची असते," असं त्यांचं म्हणणं. "जी पाठ लक्षात राहते ती मला बुडवते."

हे बुडणं नुसतं बोलण्यातलं नव्हतं. आधीच्या एका चित्रकाराने वेलबुट्टी काढताना एका कोपऱ्यातलं पान समोरच्या कोपऱ्यातल्या पानापेक्षा केसभर लांब काढलं होतं. सराईत खेळणाऱ्यांना केसभर म्हणजे पुष्कळ झालं. पत्ता सुलटा आहे की उलटा हे पाठीवरूनच कळायला लागलं. मग भारी पत्ते तेवढे गुपचूप उलटे करून ठेवले की समोरच्याच्या हातात काय दडलंय ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. क्लबांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. त्या चित्रकाराला पुढे कुणी दुकानाची पाटी रंगवायलाही बोलावलं नाही, अशी कारखान्यात बोलवा होती.

आता पाळी चित्रकारबाईची होती. मालकांच्या वडिलांच्या काळातल्या चार जुन्या पाठी नव्याने काढून घ्यायचं ठरलं होतं. पहिली खंड्याची. वाकलेल्या फांदीवर बसलेला एक खंड्या वर, आणि तोच खंड्या खाली, पाय वर नि डोकं खाली. पत्ता कसाही धरा, एक पक्षी सुलटा दिसलाच पाहिजे. ही पाठ पास झाली तर उरलेल्या तिन्ही तिच्याच. नाही झाली तर तिच्या हातात काही उरत नव्हतं, कारण शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची बरी चाललेली नोकरी ती सोडून आली होती, आणि सोडताना तिथल्या संपादकांना "तुमच्यापेक्षा तुमचा चष्मा शहाणा" असं तोंडावर सांगून आली होती. लोक परतीच्या वाटेवर काटे पसरून ठेवतात. हिने भिंतच बांधली होती.

स्वयंपाकघरातलं टेबल बाहेरच्या खोलीत आणून त्याच्या लंगड्या पायाखाली पुठ्ठा सारण्यात नवऱ्याची सकाळ गेली. नवरा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा. दिवसभर आकडे वाचणाऱ्या या गृहस्थाला हातातले तेरा पत्ते मात्र आजवर वाचता आले नव्हते, त्यामुळे त्याच्याकडून धोका नव्हता. धोका होता तो आत्याबाईंकडून. आत्याबाई म्हणजे नवऱ्याच्या वडिलांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही आणि पत्ते सोडले नाहीत. त्यांच्याशी एकदा खेळलेला माणूस शेजारपाजारी पुष्कळ सापडे, दोनदा खेळलेला सापडत नसे.

"आत्या, आज जरा हरायचं हं," नवऱ्याने पुठ्ठा घट्ट करत विनवलं. "मालक आहेत ते."

"हरायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही रे सोन्या," आत्याबाई म्हणाल्या. "तू समोर बसणार आहेस ना, तुझं बघून शिकेन."

मालक आले. बारीक अंगाचा, नीटनेटका माणूस. खुर्चीवर बसण्याआधी तिचे सांधे बघणारा. चित्रकाराला ते नेहमी आपला भिडू करून समोर बसवत. चित्रकाराच्या चेहऱ्यावरून चित्राची तब्येत कळते, असं त्यांच्याच एका माणसाने बाईला आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून तिने सकाळपासून आरशात बघून चेहरा कोरा ठेवायचा सराव केला होता. मालकांच्या डाव्या हाताला आत्याबाई बसल्या, त्यांच्या समोर त्यांचा भिडू म्हणून नवरा. मालकांनी नियम पुन्हा एकदा सांगितला, कॅटवरचा कागद फोडला आणि पत्ते पिसले.

पहिला डाव सरळ गेला. मालक आणि बाई थोडक्यात जिंकले. दुसरा आत्याबाईंनी घेतला, तोही थोडक्यात. डाव संपला की विखुरलेले पत्ते गोळा करून जुळवायचं काम त्यांनी पहिल्यापासून आपल्याकडे घेतलं होतं. मालकांना ती टापटीप आवडलेली दिसली. बाईलाही बरं वाटलं, म्हातारी आज शहाण्यासारखी वागतेय म्हणून. माणूस निर्धास्त होतो तो बहुधा असाच, नको त्या जागी.

तिसऱ्या डावाला मालकांनी पत्ते पंख्यासारखे उघडले आणि निळ्या पक्ष्यांची रांग तिच्यासमोर आली. क्षणभर तिला आपलंच कौतुक वाटलं. मग त्या रांगेतले तीन पक्षी तिच्या डोळ्यात खुपले. इतरांच्या पाठीवर ऊन होतं आणि पोटाशी सावली. या तिघांच्या पोटावर ऊन होतं, आणि सावली पाठीवर.

चूक कुठे झाली हे तिला विचार करून काढावंच लागलं नाही, ती आपली आपण समोर येऊन बसली. रेघांमध्ये काही चूक नव्हती. वरचा पक्षी तिने पातळ कागदावर उतरवून, कागद फिरवून, रेघेला रेघ लावून खाली उतरवला होता. कारखान्याच्या तपासनिसानेही तसंच पडताळून बघितलं होतं. पण रेघा झाल्यावर तिने बारीक ठिपक्यांनी छटा दिली होती, आणि ती देताना कागद फळीवर सरळ टाचलेला होता. इतकी वर्षं मुलांच्या पुस्तकांत तिने डोंगर, होड्या, बादल्या, घोडे काढले, आणि सगळ्यांवर ऊन वरूनच पाडलं. हात त्याच सवयीने चालला. वरच्या पक्ष्याचं पोट सावळं झालं, ते बरोबर. खालच्या उलट्या पक्ष्याचं पोट कागदावर वरच्या अंगाला होतं; तिथे ठिपके पडायला हवे होते. तिने ते खालच्या अंगाला, त्याच्या पाठीवर दिले. जगात सूर्य एकच असतो म्हणून. पत्त्याच्या पाठीवर दोन लागतात, एक वरून उगवणारा आणि एक खालून. मालकांच्या वडिलांच्या काळातल्या मूळ चित्रकाराने छटा मुळीच दिली नव्हती, नुसत्या रेघा सोडल्या होत्या. तिला तेव्हा तो आळस वाटला होता, आणि आपण त्यात भर घालतोय याचा तिला अभिमानही वाटला होता. ज्याला चित्र चांगलं काढता येतं त्यालाच जमावी अशी ही चूक होती.

ठिपके बारीक आहेत, पत्ता लहान आहे, ज्याला ठाऊक नाही त्याला दिसायचं कारण नाही, असं ती मनाला समजावत होती. तेवढ्यात मालकांनी त्या तिघांपैकी एक पत्ता टाकला. बदामचा एक्का. थोड्या वेळाने दुसरा पडला. इस्पिकचा एक्का. तिसरा निघाला किल्वरचा राजा.

पत्ते आपोआप उलटसुलट होतात हे खरं, पण ते एक्के आणि राजे निवडून होत नाहीत. बाईने डोळे न हलवता आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई स्वतःच्या पत्त्यांकडे बघतच नव्हत्या. त्या मालकांच्या पत्त्यांच्या पाठी बघत होत्या, अगदी प्रेमाने, एखादं पाळण्यातलं मूल बघावं तशा. मालकांकडे भारी पत्ता शिल्लक असला की त्या हलकं पान टाकून बाजूला होत. तो संपला की झडप घालत. डाव संपल्यावर बाईने त्यांचा अंगठा पाहिला. पत्ते एका दिशेला जुळवता जुळवता तो मध्येच एखाद्या पत्त्याला अर्धा फेरा देऊन आत ढकलत होता.

तिसरा डाव आत्याबाईंनी एवढ्या फरकाने घेतला की नवऱ्यालाही आपण हुशार झालो असं वाटलं.

"काय हो आत्याबाई," मालक हसून म्हणाले, "तुम्ही माझ्या हातात डोकावून खेळता की काय?"

"या वयात डोकावायला जमतं का कुठे?" आत्याबाई म्हणाल्या. "बसल्या जागेवरून दिसेल तेवढंच बघायचं."

मालक हसले खरे, पण हसू संपल्यावरही त्यांची नजर आत्याबाईंवरून लगेच निघाली नाही. बाई उठली आणि चहा टाकते म्हणाली. आत्याबाई मदतीला म्हणून मागोमाग आल्या, तेव्हा तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"फिरवाफिरवी बंद करा," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"दिसलं वाटतं तुला. मला दुसऱ्या डावालाच दिसलं." आत्याबाईंनी कपबशा मांडायला घेतल्या. "पत्त्याचं तोंड काय, सगळ्यांशीच बोलतं. पाठ बोलायला लागली की मजा असते बघ. कितीतरी वर्षांनी अशी गोड पाठ मिळाली."

"आत्याबाई, माझं सगळं काम यावर आहे."

"ठाऊक आहे की. म्हणून तर गप्प आहे." मग त्यांनी धंद्याची गोष्ट सांगावी तशी सरळ योजना सांगितली. मालकांना अजून काही दिसलेलं नाही. एकच डाव उरलाय. बाईने स्वतः पिसायचं, पिसताना सगळे पक्षी एका दिशेला लावून घ्यायचे, आत्याबाई पत्त्यांना नको तिथे बोट लावणार नाहीत. सगळे एका दिशेला असले की फरक दिसायचा प्रश्नच नाही. सही झाली की सुटलीस.

बाईने विचारलं, सही झाल्यावर छपाईचा साचा पक्का होतो, मग त्यात बदल करता येत नाही, त्याचं काय.

"कशाला बदल हवाय?" आत्याबाई तिची समजूत घालत म्हणाल्या, आणि आवाजात थोडी ऐटही आली. "इतक्या बारीक ठिपक्यांकडे बघणाऱ्या माझ्यासारख्या बायका जगात असून असून असतील किती?"

चहा उतू जायच्या बेतात आला, तो आत्याबाईंनीच उतरवला. बाई हललीच नाही. क्लबात जाऊन बसणारी माणसं कशी असतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं, पण आता अंदाज करणं अवघड नव्हतं. तिथे प्रत्येक खुर्चीवर एकेक आत्याबाई बसलेली असणार, आणि या आत्याबाई निदान गंमत म्हणून खेळत होत्या.

तरीही ती बाहेर येऊन बसली आणि तिने पत्ते हातात घेतले. माणसाला एखादी गोष्ट चूक आहे हे कळणं आणि त्याने ती न करणं, यात अख्खा डाव मावतो.

पिसता पिसता ती सावळ्या पाठीचा पत्ता दिसला की तो फिरवत होती. अर्ध्याच्या वर काम झालं असेल नसेल, नवऱ्याला तिची कणव आली. "दमलीस तू, आण इकडे," म्हणत त्याने पत्ते घेतले, दोन गठ्ठे केले, आणि एक गठ्ठा उलटा फिरवून दुसऱ्यात घुसवायला निघाला. बाईने टेबलाखालून लाथ मारली. ती मालकांच्या नडगीला लागली.

मालकांनी वाकून टेबलाखाली बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"टेबलाचा पाय लंगडा आहे," ती म्हणाली. "हलतो."

"बराच लांबपर्यंत हलतो," मालक म्हणाले.

वाटायची पाळी माझी आहे, मीच पिसणार, असं हसत पण ठामपणे सांगून तिने पत्ते परत घेतले. नवऱ्याचं तोंड उतरलं. आत्याबाई छताकडे बघत बसल्या. बाई पिसत राहिली, हात मुद्दाम सैल ठेवून. शेवटचा पक्षी सरळ झाला तेव्हा तिने पत्ते काटायला पुढे केले.

चौथा डाव तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव होता, आणि तिला त्यातलं एकही पान धड दिसलं नाही. मालकांच्या हातातले सगळे पक्षी उन्हात पाठ करून शांत बसले होते. आत्याबाई आंधळ्यासारख्या खेळल्या, म्हणजे सगळे खेळतात तशा, आणि हरल्या. शेवटचा हात मालकांनी चौकटच्या दुर्रीने मारला. हुकूम चौकटच होता आणि बाकी सगळ्यांचे हुकूम संपले होते. मालकांना त्याचा एवढा आनंद झाला की ते पहिल्यांदाच मोकळे हसले.

"पाठ कशी होती तेसुद्धा विसरलो मी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नसे. त्यांनी लांब पाकिटातून मंजुरीचा कागद काढला, टेबलावर पसरला, हाताने सपाट केला आणि पेनाचं टोपण उघडलं. नवऱ्याने श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. आत्याबाई बशीतला उरलेला चहा बघत होत्या.

पेन कागदाला टेकलं.

"सही करू नका," बाई म्हणाली.

पेन तिथेच थांबलं. शाईचा एक ठिपका पडला. "का?"

तिने कॅटमधले दोन पत्ते काढले, एक फिरवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मालकांनी बघितलं. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तेवढा वेळ बाईला अजून मागे फिरता आलं असतं, काहीतरी थापही मारता आली असती. तिने बोट पुढे करून एका पक्ष्याच्या पोटावर ठेवलं, मग दुसऱ्याच्या पाठीवर. मालकांच्या कपाळावर आठी चढली आणि तिथेच राहिली. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हे कधी दिसलं तुम्हाला?"

"तिसऱ्या डावात."

"आणि चौथ्यात एवढं मन लावून पिसत होता, ते?"

"लपवत होते."

"अगं," नवरा म्हणाला, आणि वाकून टेबलाखालचा पुठ्ठा उगाच सारखा केला.

मालक सावकाश आत्याबाईंकडे वळले. "तुम्हाला?"

"मला दुसऱ्यात," आत्याबाई म्हणाल्या. "पण चित्राबद्दल बोलायचं नाही असा तुमचाच नियम."

मालक उठून निघून जातील असं बाईला वाटलं, आणि एका परीने तेच बरं वाटलं असतं. ते उठले नाहीत. त्यांनी आत्याबाईंना विचारलं की तुम्ही कुठले पत्ते फिरवले होते. एक्के आणि राजे, आत्याबाई म्हणाल्या. राण्या सोडल्या, फार हाव बरी नाही. मालकांनी कॅट त्यांच्यापुढे सरकवला.

"तसेच लावा पुन्हा. आता तुम्ही माझ्या भिडू. बाई, तुम्ही तुमच्या मिस्टरांसमोर बसा."

खुर्च्या बदलल्या. सुरुवातीला मालकांना पाठ वाचायला वेळ लागत होता. पान टाकण्याआधी ते मान पुढे काढून बाईच्या हातातल्या पक्ष्यांकडे बघत, चुकत, पुन्हा बघत. मग मान पुढे यायची थांबली. मग नजर नुसती फिरायला लागली. डाव निम्म्यावर यायच्या आत ते आत्याबाईंसारखे खेळायला लागले, आणि बाईला आपल्या हातातला प्रत्येक पत्ता उघडा पडल्यासारखा वाटायला लागला. तिने पान टाकायचं आणि मालकांनी ते आधीच ठाऊक असल्यासारखं मारायचं. नवऱ्याने एकदा राजा छातीशी धरून लपवला, तर मालकांनी त्याला तो टाकायलाच लावला. शेवटी दोन हात सोडले तर सगळे पलीकडे गेले.

मालकांनी आपल्यासमोरचा हातांचा ढीग बघितला. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता.

"मला शिकायला अर्धा डाव लागला," ते म्हणाले. "आणि मी काही फार हुशार खेळाडू नाही."

बाई म्हणाली की तुम्ही दुसरा चित्रकार बघणार असाल तर जुन्या पाठींचे नमुने मी उद्याच पोचते करते. तिचा आवाज सरळ राहिला, पण त्यासाठी तिला टेबलाची कड धरावी लागली.

"दुसरा आणला तर त्याची ही चूक अजून व्हायची असेल," मालक म्हणाले. "तुमची होऊन गेली आहे." त्यांनी मंजुरीचा कागद, शाईच्या ठिपक्यासकट, घडी करून पाकिटात घातला. "सोमवारी खालचा पक्षी नवा करून आणा. उरलेल्या तिन्हींचं मी बोललो होतो, ते मात्र आता धरू नका. ही पास झाली तर दुसरीचं बोलू. दुसरी झाली तर तिसरीचं." ते उठले, कोटाची बटणं लावली. "चूक मी विसरेन. ते पिसणं विसरायला वेळ लागेल."

ती मान हलवून हो म्हणाली. ते खरंच होतं, आणि खऱ्यावर घासाघीस करता येत नाही.

मालक गेले. कॅट मात्र त्यांनी खिशात घालून नेला. आत्याबाईंनी तो एक रात्र ठेवून घेण्याबद्दल दारात हळूच विचारून पाहिलं होतं, त्यावर त्यांनी खिशाचं बटण लावून घेतलं. नवरा टेबलाशी तसाच उभा होता.

"म्हणजे काम राहिलं की गेलं?" त्याने विचारलं.

"अर्धं राहिलं," आत्याबाई म्हणाल्या. "वरच्या पक्ष्याने काय पाप केलंय?"

बाईने टेबल पुसलं, फळी आणली, मूळ चित्र त्यावर उलटं ठेवून चारी कोपरे टाचले. खालचा खंड्या आता तिच्यासमोर सुलटा बसला होता, पाठीवर सावलीचं ओझं घेऊन. ती पात्याने एकेक ठिपका खरवडायला लागली. कागद फाटू न देता हे करायचं म्हणजे श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागत होता. पाठ निम्मी उजळली तेव्हा आत्याबाईंनी खुर्ची ओढत आणली आणि टेबलाच्या पलीकडे, खिडकीच्या आणि कागदाच्या बरोबर मध्ये मांडून बसल्या.

"मी इकडून बघते," त्या म्हणाल्या. "मला फरक दिसायचा थांबला की तू थांब."

"आत्याबाई, तुम्ही मध्ये बसलात. उजेड अडतोय माझा."

"अडू दे," आत्याबाई म्हणाल्या. "उजेडानेच घात केलाय."

बाईने पातं पुन्हा कागदाला लावलं.